हिरवा दिवा लागेपर्यंत

शहराला किती चढ आहेत हे बसने फिरणाऱ्याला कळत नाही, आणि पायी चालणाऱ्यालाही सगळे कळत नाहीत. ते कळतात जुन्या बॅटरीच्या सायकलवर बसणाऱ्याला. बेकरीपासून टपाल कचेरीपर्यंतचा रस्ता सगळ्या गावाच्या लेखी सपाट होता. तिच्या लेखी तो चढ होता, कारण तिथे पोचेपर्यंत हँडलवरच्या छोट्या पडद्यातली एक रेघ हमखास गळायची. नदीवरचा पूल मधोमध किंचित फुगलेला आहे, हे तो बांधणाऱ्यांनंतर बहुधा तिलाच ठाऊक असावं.

सायकल मुळात साधी होती. नवऱ्याने एका लांबलेल्या सुटीत तिचं मागचं चाक काढून मोटर असलेलं चाक बसवलं, दांड्यावर बॅटरी चढवली, वायरी काळ्या पट्ट्यांनी आवळल्या आणि इमारतीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "घे, आता तुला घाम म्हणून यायचा नाही." त्याला गोष्टी जोडायला फार आवडायचं. जोडून झाली की त्या गोष्टीतला त्याचा रस संपायचा. पुढे त्याने दुसऱ्या शहरात दुसरा संसार जोडला. सह्या झाल्या, कपाट अर्धं रिकामं झालं, आणि सायकल तिच्याकडे राहिली.

गेली कित्येक वर्षं ती रोज त्याच सायकलवरून कामाला जात होती. काम म्हणजे तापमापक तपासण्याचं. दवाखान्यांतले, दूधडेअरीतले, शीतगृहांतले तापमापक तिच्या प्रयोगशाळेत यायचे. ती ते प्रमाण तापमापकाशेजारी एकाच पाण्यात बुडवायची आणि कोण किती खोटं बोलतो ते सांगायची. त्यामुळे असेल, पण सायकलच्या खोड्याही तिने अशाच शांतपणे टिपून घेतल्या होत्या. पेडल मारलं की मोटर लगेच उठायची नाही. झोपलेल्या माणसाला हाक मारावी तशी जरा थांबून 'ओ' द्यायची. मोटरच्या बाजूचे आरे इतर आऱ्यांच्या आधी तुटायचे. ब्रेकचे रबर बघता बघता झिजायचे. थंडीत बॅटरी आळसायची. समोरून वारा असला की चढ नसतानाही चढ लागायचा. आणि बॅटरी संपली, की एरवी हलकी वाटणारी ती सायकल अशी काही जड व्हायची, की रुसलेलं जनावर ओढत नेतोय असं वाटावं.

"खेचर आहे ताई हे," कोपऱ्यावरचा सायकलवाला प्रत्येक वेळी म्हणायचा. "धड घोडा नाही, धड गाढव नाही. बॅटरी बदला आता. जीव नाही राहिला तिच्यात."

"पाहू," ती म्हणायची.

"मागच्या वेळीही पाहूच म्हणालात."

सिग्नलला थांबली की लोक विचारायचे, एका चार्जमध्ये किती जाते हो? सुरुवातीला ती नीट उत्तर द्यायची: वारा कसा आहे, थंडी किती, चढ कोणता यावर अवलंबून आहे, असं. तोवर सिग्नल सुटायचा आणि विचारणारा निघून गेलेला असायचा. हल्ली ती एवढंच म्हणायची, "घरी पोचते."

सुटीच्या दिवशी मात्र ती घरी पोचत नसे. म्हणजे मध्ये चार्ज केल्याशिवाय पोचत नसे.

त्या दिवशी ती नदीपलीकडच्या टेकडीवर मास्तरांकडे जायची. मास्तर म्हणजे तिच्या नवऱ्याचे वडील; आयुष्यभर कोट शिवले, म्हणून सगळ्यांचे मास्तर. बायको गेल्यावर आणि हात थरथरायला लागल्यावर ते तिथल्या वृद्धाश्रमात राहायला आले होते. नवरा घरात होता तेव्हा तो म्हणायचा, "जरा बाबांकडे डोकावून ये ना," आणि ती डोकावून यायची. खुर्चीच्या कडेवर बसायची, तब्येत विचारायची, औषधं बघायची आणि काढता पाय घ्यायची. बॅटरी तेव्हा नवी होती. जाऊन-येऊन वर उरायची.

सह्या झाल्यानंतर तिथे जायचं तिला काही कारण उरलं नव्हतं. पण माळ्यावर मास्तरांची मोठी कात्री सापडली, ती नेऊन द्यायला ती गेली. परतताना बॅटरी पुलावरच संपली आणि घराचा अख्खा चढ तिने सायकल ढकलत काढला. पुढच्या वेळी तिने चार्जर बरोबर नेला. बॅटरी काढून दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या खोलीत नेली, पलंगाशेजारच्या प्लगला लावली, आणि लाल दिवा हिरवा होईपर्यंत बसून राहिली. त्यानंतर दर सुटीला तसंच.

बोलणं फार नसायचं. पूर्वी ती त्यांना बाबा म्हणायची. आता तो शब्द तिच्या तोंडून निघत नसे आणि दुसरा कुठला सुचत नसे, म्हणून ती हाक न मारताच बोलायची. "पाणी हवंय का?" "खिडकी लावू?" मास्तरांनाही ते कळलं होतं. तेही तिला आता सूनबाई म्हणत नसत. 'अगं'वर भागवत.

एकदा ते तिच्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "अगं, उभी राहा जरा. सरळ. हं. डावा खांदा उतरलाय तुझा."

"नाही हो."

"मला सांगतेस? खांदे बघण्यात जन्म गेला माझा. तो धोंडा एका खांद्याला अडकवून जिने चढतेस तू."

पुढच्या सुटीला त्यांनी बॅटरीसाठी पिशवी शिवून ठेवली होती. जुन्या कोटाचं अस्तर, आत कापसाचा थर, आणि पाठीवर बसतील असे दोन पट्टे. टाके वाकडे होते. त्यांनी ते बोटाने झाकले आणि म्हणाले, "हात ऐकत नाहीत आता. पण माप चुकलं नाही." बॅटरी आत हातमोज्यात हात जावा तशी बसली.

हे असं चाललं होतं. आणि मग चार्जिंगला वेळ लागू लागला.

घरी तीच बॅटरी, तोच चार्जर, आणि तिचा स्वयंपाक, कपडे, झाडलोट होईतो हिरवा दिवा लागायचा. मास्तरांकडे दुपार उलटून उन्हं खिडकीतून भिंतीवर, भिंतीवरून छतावर गेली तरी दिवा लालच. बॅटरी जुनी झाली की ती लवकर भरते आणि लवकर सरते. इथे उलटंच चाललं होतं. तिने दुसरा चार्जर आणून पाहिला. तेच. कामावरून मीटर आणून प्लगमधला विजेचा दाब मोजला. अगदी बरोबर. तिला ते पटेना. प्रयोगशाळेत ती नवशिक्यांना नेहमी सांगायची, की आकडा विचित्र आला तर यंत्राला शिव्या घालण्याआधी यंत्र आणि आकडा यांच्यामध्ये काय काय आहे ते बघा.

एका दुपारी ती खाली जाऊन मास्तरांची औषधं घेऊन आली आणि सहज चार्जरवर हात ठेवला. एव्हाना तो चांगला कोमट व्हायला हवा होता. तो थंडगार होता. दिवा लाल होता, पण चार्जर थंड. म्हणजे मधला बराच वेळ वीज आलीच नव्हती.

सैल जोड, तिच्या मनात आलं. भिंतीच्या आत कुठेतरी तार नीट बसलेली नाही. मनात आलं की लागते, मनात आलं की सुटते. आणि सैल जोड म्हणजे ठिणगी. तिने पलंगाकडे पाहिलं. मास्तरांची उशी त्या प्लगपासून हातभर अंतरावर होती. अंगावर लोकरीची शाल, पायाशी कापडांच्या तुकड्यांचा ढीग.

"या प्लगमध्ये दोष आहे," ती म्हणाली. "इथे झोपणं धोक्याचं आहे."

"छे गं. उगीच," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं झोपतोय."

"मी सांगते खाली."

"नको. कशाला? तो व्यवस्थापक आधीच कुरकुऱ्या. राईचा पर्वत करील."

"ते मी बघते."

ते काहीतरी आणखी बोलणार होते, पण त्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. तिला वाटलं, म्हातारी माणसं तक्रारीला घाबरतात. ती खाली गेली आणि व्यवस्थापकाला सगळं नीट सांगितलं: दाब ठीक आहे, चार्जर दोन वापरून पाहिले, घरी अडचण येत नाही, तेव्हा दोष भिंतीतल्या जोडणीत आहे. कुणाच्याही शंकेला जागा राहू नये असं सांगितलं. तो ऐकताना पेनाचं टोपण काढत-घालत राहिला आणि म्हणाला, "वायरमन पाठवतो."

पुढच्या सुटीला ती गेली तेव्हा मास्तरांचा चेहरा उतरलेला होता.

"येऊन गेला तुझा वायरमन. पलंग सरकवला, भिंत उचकटली, सगळीकडे चुना. म्हणाला, काहीही झालेलं नाही. नवीकोरी तार आहे म्हणे."

"असे दोष लपून राहतात."

"लपून," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

तिने बॅटरी लावली, बटन दाबलं, लाल दिवा लागला. मग रिकामी बाटली घेऊन ती पाणी भरायला व्हरांड्याच्या टोकाला गेली. त्या दिवशी नळ जोरात होता, बाटली लवकर भरली. तिच्या पायांत नवेच घेतलेले रबरी तळव्यांचे बूट होते. सायकलवर तेच बरे पडतात. दार अर्धवट उघडं होतं. आत जायला तिने हात पुढे केला आणि तिथेच थांबली.

मास्तर पलंगावर आडवे होते. डोळे मिटलेले. त्यांच्या उजव्या हातातली काठी पलंगाच्या कडेवरून पुढे सरकत होती, हळूहळू, थरथरत, मापाची फीत ताग्यावर सरकवावी तशी. काठीचं रबरी टोक बोर्डाशी गेलं, एकदा चुकलं, दुसऱ्यांदा बटनावर बसलं. टक्. लाल दिवा विझला. काठी परत आली. मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि हात छातीवर घेतले.

ती पाय न वाजवता मागे सरकली. व्हरांड्यात कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या खोलीतून कुणाचा तरी रेडिओ हवामानाचं सांगत होता. दाब, चार्जर, तार, हे सगळं तिने एकेक करून बाजूला काढलं होतं. खोलीत तिसरं कुणीच नव्हतं आणि जो दुसरा होता तो माणूस तिने हिशेबातच धरला नव्हता. तिला आठवलं, ती खाली औषधं आणायला जायची, कप विसळायला जायची, जेवणानंतर खुर्चीत डुलकी काढायची. प्रत्येक वेळी हा हात आणि ही काठी. आणि तिची पावलं वाजली की पुन्हा टक्.

थांब म्हणाले असते तर थांबले नसते का मी, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, की नसतेच थांबले. तुम्ही माझे आता कोण, असं काही तोंडाने म्हटलं नसतं. घड्याळ बघितलं असतं, कपडे वाळत घातलेत म्हटलं असतं आणि निघाले असते.

तिने बाटली मुद्दाम कठड्यावर आपटली, घसा खाकरला आणि व्हरांडाभर चालत असल्यासारखे पाय वाजवले. आत आली तेव्हा दिवा लाल होता आणि मास्तर घोरत होते, जरा जास्तच.

"निदान टोकाला रबर तरी आहे," ती स्वतःशी पुटपुटली.

"काय म्हणालीस?" मास्तरांनी एक डोळा उघडला.

"काही नाही. झोपा."

निघताना व्यवस्थापकाने तिला आत बोलावलं. टोपण काढत-घालत तो म्हणाला, "बाई, भिंतीत काही निघालं नाही. म्हणजे दोष तुमच्या बॅटरीत आहे."

"तसं नाही..."

"मग कशात आहे? तुम्हीच सांगितलंत ना, वीज मधेच जाते, ठिणगी पडू शकते? मी हे ऐकून न ऐकल्यासारखं करू? वरच्या मजल्यावर ज्यांना दोन पावलं टाकता येत नाहीत अशी माणसं आहेत. आजपासून खोलीत बॅटरी चार्ज करायची नाही. कुणी परवानगी दिली होती, तेच मला कळत नाही."

तो चूक नव्हता. त्याच्या जागी ती असती तर तिनेही हेच केलं असतं. तिच्याच शब्दांवर त्याने विश्वास ठेवला होता. खरं सांगितलं असतं तर बंदी तिथल्या तिथे उठली असती. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य त्या खोलीत उच्चारलं की जिन्यावरून वर गेलं असतं, जेवणाच्या टेबलावर फिरलं असतं, आणि मास्तरांच्या काठीकडे बघून लोक हसले असते. आणि न सांगावं तर पुढच्या सुटीपासून यायचं कसं? पुलापलीकडे तिच्या घराचा चढ होता आणि तो त्या बॅटरीला न भरता जमत नव्हता.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "चार्जरची पिन सैल होती. आज कळलं. तुमच्या तारेत दोष नाही, बॅटरीतही नाही."

मोजमापाबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती.

व्यवस्थापकाने टोपण पेनाला लावून ठेवलं. "दोन चार्जर वापरून पाहिले म्हणाला होतात."

"हो. दोन्हींच्या पिना."

"म्हणजे प्रयोगशाळेतल्या बाईंचंही चुकतं म्हणायचं," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं घडल्यासारखा हसला. "हरकत नाही. पण वर नकोच. खाली वॉचमनच्या ओसरीत प्लग आहे, शेजारी वाळूची बादली आहे. तिथे लावा हवी तर."

घरी जाताना उतारावर तिने मोटर बंद ठेवली. पुलावर वारा होता. एका सायकलस्वाराने तिला मागे टाकताना ओरडून विचारलं, "काय ताई, मोटर असून चालवत नाही होय?" घरी कुलूप उघडलं, दिवा लावला, पिशवी खुंटीला अडकवली. रिकाम्या अर्ध्या कपाटाचं दार नेहमीसारखं आपोआप उघडलं होतं; ते तिने नेहमीसारखं गुडघ्याने लावलं. मग बराच वेळ ती स्वयंपाकघरात उभी होती. गॅस पेटवलाय पण वर काहीच ठेवलेलं नाही, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

आठवड्यात एकदा आरा तुटला म्हणून ती सायकलवाल्याकडे गेली.

"नवी बॅटरी आलीय ताई माझ्याकडे. तुमच्या मापाची," तो म्हणाला. "टेकडीवर जाऊन-येऊन वर उरेल. कुठे चार्ज करत बसायला नको."

"या जुनीत अजून जीव आहे," ती म्हणाली.

"कुठला हो जीव! हट्ट आहे नुसता."

"असू दे."

तो आरा ताणत होता आणि ती बघत होती. बॅटरीचं आयुष्य, सेलांचं रसायन, टाकाऊ करण्याआधी पूर्ण वापरावं हे तत्त्व, अशी सगळी कारणं इतके महिने तिने स्वतःला ऐकवली होती. ती सगळी बरोबरच होती. फक्त पलंगावरून सरकणारी ती काठी आता डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि आपण 'पाहू' म्हणतो तेव्हा आपल्या हातातही तसलंच काहीतरी असतं, असं तिला वाटून गेलं.

सुटीच्या दिवशी ती टेकडीवर पोचली तेव्हा पडद्यात शेवटची रेघ लुकलुकत होती. वॉचमनने ओसरीतली खुर्ची सरकवून प्लग दाखवला.

"या, या. साहेब सांगून गेलेत. इथे बसा हवं तर, वारा चांगला येतो."

"मी वर असेन."

तिने पिशवीतून बॅटरी काढून वाळूच्या बादलीशेजारी ठेवली, चार्जर जोडला, पिन प्लगात घट्ट दाबली. रिकामी पिशवी पाठीवर टाकली आणि ती जिन्याकडे वळली.

"ओ ताई!" वॉचमन मागून ओरडला. "बटन दाबायचं राहिलं की!"

ती पहिल्या पायरीवर थांबली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "राहू दे. थोड्या वेळाने येऊन दाबते."

वॉचमनने एकदा बटनाकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं. मग त्याने खांदे उडवले आणि पुन्हा फाटकाकडे तोंड करून बसला.

वर मास्तर कपडे बदलून, केस विंचरून बसले होते. पलंगाशेजारचा प्लग मोकळा होता, भोवती नवा चुना. तिची नेहमीची खुर्ची त्यांनी त्याच्याजवळ ओढून ठेवली होती. काठी मात्र लांब, कपाटाला टेकवलेली. त्यांनी तिच्या पाठीवरची सपाट पिशवी पाहिली.

"बंद केलं म्हणे त्यांनी वर," ते म्हणाले. "मला वाटलं, आता तू..." मग त्यांनी शालीचं टोक नीट केलं. "खाली लावलीस?"

"खाली लावली."

"तिथली वीज कशी आहे?"

"इथल्यासारखीच आहे, बाबा," ती म्हणाली. "वेळ लागेल."

मास्तरांनी तिच्या खांद्यांकडे पाहिलं, डाव्या आणि मग उजव्या. ती खुर्चीत मागे टेकून बसली. रेडिओ कुठल्यातरी खोलीत लागलेला होता, आणि उन्हं अजून खिडकीतच होती.